मणक्यातल्या भुलीनंतर डोकं दुखतंय? या चुका टाळा

"डोकं वर केलंस, म्हणूनच दुखतंय!" सीझर किंवा हर्नियाच्या ऑपरेशननंतर कोकणातल्या वॉर्डात हे वाक्य हमखास कानावर पडतं. ते खरं नाही. कमरेत भुलीची सुई देताना मणक्याभोवतीच्या पाण्याच्या पिशवीला बारीक भोक पडतं. ते लवकर बुजलं नाही तर पाणी झिरपत राहतं आणि उठून बसलं की डोक्यातला दाब घटून कळ येते. उशी काढून दिवसभर उताणं निजवल्याने हे टळत नाही. उलट, फार वेळ पडून राहिलेल्या बाळंतिणीच्या पायात रक्ताची गाठ होऊ शकते. दुखू लागल्यावर आडवं पडून बरं वाटतं, तेवढं जरूर पडावं. पाय मात्र हलवत राहावेत.

खूण एकच नीट पाहा. बाळाला पाजायला उठून बसलं की काही मिनिटांत कपाळ किंवा डोक्याची मागची बाजू ठणकते, मान आखडते, कधी कानात गुणगुणतं. आडवं झालं की उतरतं. बहुधा एक ते तीन दिवसांत, म्हणजे नेमकं घरी सोडायच्या सुमारास हे सुरू होतं. घरी जाणं लांबेल म्हणून लपवू नका. कधीपासून दुखतं, बसल्यावर किती वेळाने, निजल्यावर किती उतरतं, एवढं सिस्टरना सांगा.

पाण्याचा मारा करून भोक बुजत नाही. तहानेपुरतं पाणी, पेज, कोकम सरबत पुरे. कॉफीने सुरुवातीला थोडा आराम पडतो, पण अंगावर पाजणाऱ्या आईने दिवसाचं कॅफीन २०० ते ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं. चहाही त्यात मोजावा. पॅरासिटामॉल घेताना सर्दीच्या गोळीतही तेच औषध असतं, हे विसरू नका. चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये; वजन कमी किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारूनच.

बाळाला घ्यायलाही उठवत नसेल तर ब्लड पॅच विचारा. पेशंटच्याच हाताचं १५ ते २० मिलिलिटर रक्त निर्जंतुकपणे कमरेत, पिशवीच्या बाहेरच्या बाजूला सोडतात. बऱ्याच जणांना त्याने लवकर उतार पडतो, काहींना तो दुसऱ्यांदा द्यावा लागतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी सांगा. ब्लड पॅचसाठी कोल्हापूर किंवा गोवा गाठायचं असेल, तर एसटीत बसून नको, आडवं निजूनच जा.

सर्वांत घातक चूक म्हणजे प्रत्येक डोकेदुखी सुईवर ढकलणं. बाळंतपणानंतरही बीपी चढतो. १४०/९० किंवा वर दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० ला पोचला, ताप आला, झटका (फिट) आला, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळे पडले, झापड आली किंवा निजल्यावरही दुखणं उतरेनासं झालं, तर सकाळची वाट न पाहता १०८ लावा.

पुढच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना हा त्रास झाल्याचं सांगा, पेन्सिलीसारख्या टोकाची २५ किंवा २७ नंबरची सुई मिळेल का विचारा. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक.