कंटेनर एक्सपोर्टचे लोकल चार्जेस: कोकणातून माल पाठवताना या चुका टाळा

आंब्याचा पल्प असो, काजूगर असो नाहीतर फ्रोजन मासळी, कोकणातला कंटेनर शेवटी न्हावा शेव्यालाच, म्हणजे उरणजवळच्या बंदरातच, जातो. जयगड, दिघी, रेडी ही बंदरं आपल्याच किनाऱ्यावर आहेत पण तिथे मुख्यतः कोळसा, खनिज असला सुटा माल चालतो, त्यामुळे रत्नागिरीवाल्याला तीनशेच्या वर किलोमीटर आणि सावंतवाडीवाल्याला त्याहून बरेच जास्त किलोमीटर गाडी उरणपर्यंत न्यावीच लागते. मी गेली काही वर्षं एका पल्प युनिटचं एक्सपोर्टचं काम बघतोय, नवीन लोकांचे फोन येतात आणि प्रश्न जवळजवळ एकच असतो, फ्रेट (समुद्रभाडं) तर एवढंच ठरलं होतं मग बिल एवढं कसं आलं. बहुतेक वेळा बिल खोटं नसतं, आधी विचारायचं राहून गेलेलं असतं.

"ऑल-इन" शब्दावर विसंबू नका

फॉरवर्डर (बोटीवर जागा बुक करून देणारा एजंट) व्हॉट्सॲपवर रेट टाकतो, जेबेल अली (दुबईचं बंदर) २० फूट ऑल-इन इतके डॉलर. त्याच्या डोक्यात ऑल-इन म्हणजे समुद्रभाडं आणि त्यावरचे सरचार्ज, आणि तुमच्या डोक्यात फॅक्टरीच्या दारापासून बोटीवर चढेपर्यंत सगळं. या दोघांच्या मधे जे आहे तेच लोकल चार्जेस. टीएचसी म्हणजे टर्मिनलवर कंटेनर उतरवणं, ठेवणं, बोटीवर चढवणं याचे पैसे, हा त्यातला सगळ्यात मोठा आकडा. मग बीएल (बिल ऑफ लेडिंग, माल बोटीवर घेतल्याचा कागद) याची फी, लाईनच्या (बोटीच्या कंपनीच्या) सीलचे पैसे, रिकामा कंटेनर यार्डातून उचलताना लिफ्ट-ऑन, व्हीजीएमची (कंटेनरच्या पडताळलेल्या वजनाची) फी, सीएचएची (कस्टमचं काम करणाऱ्या एजंटची) एजन्सी, सीएफएसमधे (बंदराजवळच्या कंटेनर भरायच्या गोदामात) माल भरत असाल तर तिथली हाताळणी, आणि या सगळ्या सर्व्हिसवर बहुतेक करून १८ टक्के जीएसटी.

इथे नुसता आकडा विचारून भागत नाही, युनिट विचारा. टीएचसी कंटेनरमागे लागतो, बीएल फी बीएलमागे लागते, सीएचए कधी शिपिंग बिलमागे (कस्टमला द्यायचा एक्सपोर्टचा कागद) घेतो कधी कंटेनरमागे. तीन कंटेनर एका बीएलवर गेले तर बीएल फी एकदाच, पण बायरने सांगितलं म्हणून तीन वेगळे बीएल काढले की तीनदा, आणि ते त्याच्या सोयीसाठी काढलेत तर त्याने द्यायला हवेत हे आधी बोलायला पाहिजे, माल निघाल्यावर कोण ऐकत नाही. शिवाय फॉरवर्डर स्वतःचा हाऊस बीएल देणार असेल तर लाईनच्या मास्टर बीएलची फी आणि त्याच्या हाऊस बीएलची फी असे दोन्ही तुमच्याकडून घेणार का, हे सरळ तोंडावर विचारा.

आम्ही आता एकच करतो. कोटेशन आलं की एक्सेलमधे प्रत्येक चार्जपुढे रेट, युनिट, रुपये की डॉलर, डॉलर असेल तर कुठल्या दिवसाचा आणि कोणाचा एक्स्चेंज रेट (लाईन स्वतःचा रेट लावते, बँकेचा नाही), आणि रेट कधीपर्यंत चालेल असे रकाने भरून मेलवर कन्फर्म करून घेतो. मोठ्या लाईन आपापल्या वेबसाईटवर भारतातले लोकल चार्जेस टाकतात, तो कागद काढून शेजारी ठेवा, फॉरवर्डरने कशावर किती चढवलंय ते लगेच दिसतं. त्याने थोडं चढवणं चुकीचं नाही, त्याचंही पोट आहे, पण आपल्याला माहीत असायला हवं.

एफओबी केलंय म्हणजे आपला खर्च संपला, ही चूक

कोकणातल्या नवीन एक्सपोर्टरचे सगळ्यात जास्त पैसे मला वाटतं इथेच जातात. एफओबी (फ्री ऑन बोर्ड) न्हावा शेवा म्हटलं की फ्रेट बायर देणार, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण एफओबीत माल बोटीवर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा, म्हणजे लोड पोर्टचा टीएचसी, बीएल फी, सील सगळं तुमचं. आणि फॉरवर्डर बायरने नेमलेला असतो, ज्याला नॉमिनेटेड म्हणतात. त्या फॉरवर्डरचा खरा गिऱ्हाईक दुबईत बसलाय, त्या बायरला याने फ्रेट अगदी कमी दिलेलं असतं, आणि ती कसर लोकल चार्जेसमधे तुमच्याकडून भरून निघते. तुम्ही त्याला निवडलेलं नाही, बदलू शकत नाही, आणि बीएल त्याच्या हातात आहे. आमच्या एका शिपमेंटला अशा फॉरवर्डरने आम्ही कधी न ऐकलेले चार वेगवेगळे "हँडलिंग" आणि "डॉक्युमेंटेशन" लावले होते, भांडायला वेळ नव्हता, बँकेत कागद द्यायची तारीख जवळ आलेली, भरले.

यावर उपाय भाव ठरायच्या आधीच आहे. बायर म्हणाला माझा फॉरवर्डर आहे, की लगेच म्हणायचं त्याची ओरिजिन चार्जेसची (इकडच्या लोकल चार्जेसची) शीट पाठवा, मग मी भाव देतो. शीट आली की ते पैसे किलोमागे काढून भावात टाका. शीट येत नसेल तर प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवरच लिहा की लाईनच्या जाहीर टॅरिफपेक्षा जास्त जे लोकल चार्जेस येतील ते बायरच्या खात्यावर. आणि जमलं तर एफओबीच्या जागी एफसीए (फ्री कॅरिअर, ठरलेल्या जागी माल ताब्यात दिला की आपली जोखीम संपते) घ्या. कंटेनरच्या मालाला इन्कोटर्म्स २०२० (विक्रीच्या अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे एफसीएच बसतं, कारण आपण कंटेनर टर्मिनलच्या ताब्यात देतो, बोटीवर स्वतः चढवत नाही, तरी एफओबीत बोटीवर चढेपर्यंतची जोखीम आपल्या डोक्यावर राहते. गल्फचे बरेच बायर सवयीने एफओबीच म्हणतात, समजावून सांगितलं तर काही ऐकतात.

रिकामा कंटेनर लवकर उचलणं

पुण्या-भिवंडीच्या माणसाला हे तेवढं लागत नाही, आपल्याला लागतं. लाईन रिकामा कंटेनर देते तेव्हा काही दिवस फ्री असतात, लाईनप्रमाणे कमी जास्त, त्यानंतर रोजचं डिटेन्शन (कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचे पैसे) चालू होतं आणि पुढच्या टप्प्यात दर वाढतो. घड्याळ सुरू होतं रिकामा उचलला त्या दिवशी, बंद होतं भरलेला कंटेनर पोर्टला गेट-इन झाल्यावर, म्हणजे गेटातून आत गेल्यावर. रविवार, सुट्टी सगळं धरून.

समजा ७ दिवस फ्री आहेत. सोमवारी संध्याकाळी उरणच्या यार्डातून उचलला, रांग होती म्हणून रात्र झाली, मंगळवारी निघाला, बुधवारी सकाळी फॅक्टरीत. पल्पचे डबे भरायला, मोजायला, सील करायला बुधवार गेला. गुरुवारी निघाला, शुक्रवारी पोचला. पाच दिवस संपले आणि अजून काहीच बिघडलेलं नाही. आता यात पावसाळा घाला. परशुराम घाटात दरड आली, किंवा जुलै २०२१ सारखं झालं, चिपळूणला पूर आला आणि वाशिष्ठीच्या पुलाचाच भाग गेला, मग गाडी आंबा घाटातून कोल्हापूरकडे वळवा आणि घाटमाथ्यावरून फिरून या. कट-ऑफ (त्या बोटीसाठी कंटेनर आत द्यायची शेवटची वेळ) गेलं. कट-ऑफ गेलं की पुढची बोट, तोपर्यंत डिटेन्शन, ट्रेलरवाल्याचं हॉल्टिंग (गाडी थांबल्याचे पैसे), आणि कंटेनर कुठल्या यार्डात उतरवला तर तिथली लिफ्ट आणि ग्राउंड रेंट.

म्हणून म्हणतो, बुकिंग मिळालं की लगेच रिकामा उचलायची घाई नको. टर्मिनलचा गेट कधी उघडणार आणि कट-ऑफ कधी हे बघा, आणि कट-ऑफपासून उलटे दिवस मोजत या, जून ते सप्टेंबर एक दिवस जास्त धरा. फार लवकर गेलात तरी पंचाईत, बोटीचा गेट उघडलेला नसतो आणि भरलेली गाडी बाहेर उभी राहते. बोटीची तारीख पुढे ढकलली गेली तर त्याच दिवशी लाईनला मेल टाका की उशीर तुमच्या बोटीमुळे आहे, फ्री दिवस वाढवून द्या. फोनवर सांगितलेलं धरत नाहीत. आम्हाला दोनदा मिळालेत, दोन्ही वेळा तो मेलच उपयोगी पडला, बिल आल्यावर भांडलो तेव्हा मात्र काहीच हाती लागलं नाही. आणि खरं तर ही गोष्ट बुकिंगच्या वेळीच मागायची, फॅक्टरी कोकणात आहे, आम्हाला एवढे फ्री दिवस पाहिजेत. वर्षाला दहा-बारा कंटेनर असले तरी मागून बघा.

कंटेनर भरून गेट-इन झाला आणि तरी बोटीवर चढला नाही तर त्याला शट आऊट म्हणतात. चूक कोणाची यावर पैसे कोणाचे ते ठरतं. लाईनने जागेअभावी ठेवला तर ते लेखी घ्या. तुमचे कागद, व्हीजीएम किंवा कस्टमचा एलईओ (माल एक्सपोर्ट करायची परवानगी) वेळेत नव्हता तर शट आऊटचे पैसे तुम्हालाच, आणि माल परत बाहेर काढायची वेळ आली तर बॅक टू टाऊनचा खर्च वेगळा, त्यात कस्टमची परवानगी पण येते, तो मार्ग शक्यतो टाळाच.

अजून एक, रिकामा कंटेनर यार्डातच तपासा. ड्रायव्हरला सांगून ठेवा, आत उभं राहून दरवाजे लावायचे आणि कुठून उजेड दिसतो का बघायचं, वास घ्यायचा, फरशी ओली आहे का बघायची, फोटो काढून पाठवायचे. देवगडला आल्यावर आधीच्या मालाचा केमिकलचा वास आला तर तो कंटेनर परत पाठवायचं भाडं कोणी देत नाही.

व्हीजीएम

१ जुलै २०१६ पासून सोलास या समुद्र-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमाने भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय बोटीवर घेत नाहीत. चूक एकच होते, लोक मालाचं वजन लिहितात. कंटेनरचं टेअर (दरवाजावर लिहिलेलं असतं), पॅलेट, दोऱ्या, पुठ्ठे सगळं धरून वजन पाहिजे. पल्पचा २० फुटी कंटेनर जड असतो त्यामुळे फरक लगेच पकडला जातो, मग दुरुस्तीची फी आणि कट-ऑफची धावपळ. फॅक्टरीजवळच्या काट्यावर भरलेली गाडी वजन करा, मग ट्रेलरचं रिकामं वजन वजा करा, स्लिप जपून ठेवा.

रीफर म्हणजे थंड कंटेनरवाल्यांसाठी थोडंसं. उणे १८ डिग्रीचा माल असेल तर रस्त्यात जेनसेटवाला (जनरेटर लावलेला) ट्रेलर लागतो, पोर्टवर प्लग-इन आणि मॉनिटरिंग तासाने किंवा दिवसाने लागतं, टीएचसी पण साध्या कंटेनरपेक्षा जास्त. कोटेशनमधे हे बऱ्याचदा नसतं. लवकर गेट-इन करून निवांत बसणं रीफरमधे महाग पडतं.

थोडा माल एलसीएलने पाठवताना

कोकम, आमसूल, काजू, लोणची असा दोन-चार पॅलेट माल घेऊन सुरुवात करणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे. एलसीएलमधे (एका कंटेनरमधे अनेकांचा थोडा थोडा माल) भाडं क्युबिक मीटर किंवा टन यातलं जे जास्त होईल त्यावर लागतं, काजूगर भरलेले खोके हलके पण जागा खाणारे, त्यामुळे वजनावर हिशोब करून बसलात तर फसाल. दुसरं म्हणजे कधीकधी फ्रेट जवळजवळ शून्य सांगतात. खुश होऊ नका. ते पैसे तिकडच्या पोर्टवर तुमच्या बायरकडून वसूल होतात, तिथली सीएफएस, डिलिव्हरी ऑर्डर, हाताळणी अशा नावाने, आणि पहिल्याच ऑर्डरला बायरला बिल बघून धक्का बसतो आणि दुसरी ऑर्डर येत नाही. बुकिंगच्या आधीच डेस्टिनेशन चार्जेसची शीट मागा आणि स्वतःहून बायरला पाठवा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी फणसाच्या तळलेल्या गऱ्यांची ऑर्डर अशीच घालवली, माल उत्तम होता.

बीएलमधली स्पेलिंग

एसआय म्हणजे शिपिंग इन्स्ट्रक्शन, बीएलवर काय लिहायचं ते लाईनला कळवणं, त्याचं कट-ऑफ गेल्यावर केलेल्या प्रत्येक दुरुस्तीला पैसे, आणि बोट निघून मॅनिफेस्ट (बोटीवरच्या मालाची यादी) फाईल झाल्यावर अजून जास्त. आपल्याकडे गावांच्या नावांचा घोळ आहे. देवगड इंग्रजीत व्ही लावून पण लिहितात आणि ओ लावून पण, एलसीत (बायरच्या बँकेचं पेमेंटचं हमीपत्र) एक, फॅक्टरीच्या लायसन्सवर दुसरं, बीएलवर तिसरंच, आणि बँक डिस्क्रेपन्सी (कागदांतली तफावत) काढते. ड्राफ्ट बीएल आला की एलसी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं, असंच करतो आम्ही.

बिल आल्यावर

मिळवून बघायला तुमची ती एक्सेल आहेच. ४० फुटाचा रेट २० फुटाला लागलाय का, एकच फी दोन नावांनी आहे का, डिटेन्शनचे दिवस गेट-इनच्या तारखेशी जुळतात का. गेट-इनची तारीख टर्मिनलच्या वेबसाईटवर कंटेनर नंबर टाकून मिळते, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

जीएसटी नंबर बघाच. नंबर चुकला की ते बिल तुमच्या जीएसटीआर-२बी (पोर्टलवरचं क्रेडिटचं स्टेटमेंट) मधे येत नाही, क्रेडिट अडकतं, आणि एलयूटीवर (जीएसटी न भरता एक्सपोर्ट करायचं हमीपत्र) एक्सपोर्ट करणाऱ्याचा रिफंड त्याच क्रेडिटवर असतो. सावंतवाडी-बांद्याकडचे काही लोक गोव्याचा एजंट वापरतात, त्याच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी नाही तर आयजीएसटी यायला हवा, हे पण तपासा. समुद्रभाड्यावरची जीएसटीची सूट ३० सप्टेंबर २०२२ ला संपली, त्यामुळे जुन्या शिपमेंटच्या हिशोबावरून भाव काढत असाल तर तो बदला.

चूक सापडली तर पैसे अडवून बसू नका. बिल भरल्याशिवाय बीएल सुटत नाही, आणि एलसीवर माल असेल तर यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे शिपमेंटच्या तारखेपासून २१ दिवसांच्या आत आणि एलसीची मुदत संपायच्या आधी कागद बँकेत गेले पाहिजेत, एलसीत याहून कमी दिवस लिहिलेले असतील तर तेच धरायचे. पाच हजारासाठी भांडताना वीस लाखाचं पेमेंट लटकतं. मेल टाकायचा की अमुक रक्कम मान्य नाही, अंडर प्रोटेस्ट भरतोय, क्रेडिट नोट द्या, सोबत कोटेशनचा मेल आणि स्क्रीनशॉट जोडायचा, आणि बीएल उचलायचा. क्रेडिट नोट यायला दीड-दोन महिने पण लागतात, दर सोमवारी आठवण करायची, आणि फॉरवर्डरला पुढचं बुकिंग द्यायच्या आधी मागची क्रेडिट नोट मागायची, तेव्हा येते.