लाइन हातात आली की आधी माणसं बघा

डिप्लोमा करून चाकण, भोसरी, वाळूज नाहीतर सातपूरच्या एखाद्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागलात, की वर्ष-दोन वर्षांत कधीतरी साहेब म्हणतात, "दुसऱ्या पाळीची लाइन आता तू सांभाळ." मशीनचं ज्ञान तोवर बऱ्यापैकी झालेलं असतं. प्रश्न असतो माणसांचा. तुमच्यापेक्षा वयाने मोठे ऑपरेटर, दोन-चार कॉन्ट्रॅक्टवरची पोरं, इन्स्पेक्शन टेबलवरच्या ताई. यांतलं कोण कुठे उभं केलं की पाळी सुरळीत जाते? सीएनसी मशीनिंगच्या, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या मशीनच्या, लाइनवर बरीच वर्षं काढून जे उमगलं ते लिहितोय.

बोर्डावर स्किल मॅट्रिक्स लावलेलं असेल. डावीकडे नावं, वर मशीन, मधल्या चौकटींत चार भाग केलेली गोल चिन्हं. साधारणपणे एक भाग भरलेला म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे कुणी लक्ष ठेवलं तर करतो, तीन म्हणजे एकटा करतो, आणि पूर्ण भरलेला म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. कुणी अचानक रजेवर गेलं तर बदली माणूस शोधायला हा तक्ता फार कामाचा. (काही ठिकाणी ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी हे गोल भराभर काळे होतात, ते सोडा.) पण दोघांचे गोल पूर्ण भरलेले असले तरी त्यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. माणसाला काय शिकवलंय ते तक्त्यात दिसतं; कुणी न सांगता तो काय करतो, ते दिसत नाही. आणि लाइन चालते ती त्याच्यावर.

सगळं सुरळीत चालू असताना सगळे सारखेच दिसतात. बघायचं असेल तर सेटिंग बदलताना बघा. एक पार्ट संपून दुसरा लागणार असतो. पार्ट पकडणारे जॉ बदलायचे, टूल लावायचे, ऑफसेट (टूल किती सरकवायचं ते आकडे) टाकायचे, पहिला पीस तपासून घ्यायचा. आमच्याकडे एक जण जुन्या पार्टचे शेवटचे जॉब (नग) चालू असतानाच पुढच्या पार्टचे जॉ, इन्सर्ट (टूलची बदलता येणारी कापणारी टोकं), मापाचे गेज ट्रॉलीवर मांडून ठेवायचा. मशीन चालू असताना होणारी कामं आधीच उरकून घ्या, हे जपानचे उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांचं सेटिंगचा वेळ वाचवण्याचं तत्त्व. यानं ते नाव ऐकलंही नव्हतं. दुसरा गडी मशीन थांबेपर्यंत हलायचा नाही, पण एकदा हात घातला की त्याचा पहिलाच पीस ओके. त्या दोघांना एका सेटिंगवर जोडीनं लावलं तर काम चटकन उरकायचं. दोघांना वेगवेगळ्या मशीनवर 'हुशार ऑपरेटर' म्हणून वाटून टाकलं की दोन्हीकडे अर्धाच फायदा.

त्याच वेळी मोजणाऱ्याकडेही लक्ष द्या. नुकताच कापून निघालेला जॉब गरम असतो. ५० मिलिमीटर व्यासाचं स्टील १० अंशांनी तापलं की साधारण ६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतं. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अधिक-उणे १० मायक्रॉन असेल तर हे ६ मायक्रॉन थोडे नाहीत. बहुतेक जण जॉब उचलतात, मायक्रोमीटर लावतात आणि लगेच ऑफसेट कमी करतात. एखादाच जॉब बाजूला ठेवतो, हात पुसतो, थांबतो, मग मोजतो. थोडा संथ वाटणारा हा माणूस प्रॉडक्शनच्या आकड्यात मागे दिसेल. त्याला फिनिशिंगच्या मशीनवर लावा आणि रिजेक्शन कसं घटतं ते बघा.

पाळी बदलताना रजिस्टर वाचा. एक लिहितो, "मशीन ४ ओके." दुसरा लिहितो, "मशीन ४ – बोअर प्लसला सरकतोय, इन्सर्ट बदलला, पहिले काही जॉब जास्त तपासा." (म्हणजे आतल्या भोकाचं माप वाढत चाललंय.) हा दुसरा बोलायला अबोल असला तरी निरोप पोहोचवण्याचं काम त्याचंच.

एचआरवाले कधी स्वभाव आणि गुण ओळखायची प्रश्नावली आणतील. बहुधा त्यामागे ब्रिटनच्या मेरेडिथ बेल्बिन यांनी सांगितलेल्या, गटात माणसं घेतात त्या नऊ भूमिका असतात. इंग्लंडमधल्या हेन्लीच्या व्यवस्थापन महाविद्यालयात व्यवस्थापकांच्या गटांवर केलेल्या त्यांच्या अभ्यासात नुसते हुशार लोक एकत्र आणलेले गट वादात अडकून अपेक्षेपेक्षा मागे पडले होते. निष्कर्ष पटण्यासारखा आहे, पण शॉपफ्लोअरवर प्रश्नावली साहेबांना आवडेल अशीच भरली जाते. "तुझी खासियत काय?" असं थेट विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "तुम्ही द्याल ते करतो साहेब." त्याऐवजी कॅन्टीनमध्ये चहा घेताना विचारा, "उद्या रजेवर गेलास तर तुझं मशीन कुणाच्या ताब्यात देशील?" सगळ्यांना विचारा. दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतील, आणि त्यांतलं एखादं तरी तुमच्या यादीत नसेल.

आता यातली गोम. माणसाचा गुण सापडला की आपण तो वापरून वापरून त्याला पिळतो. शिकवायला चांगला म्हणून सगळे ट्रेनी एकाच्याच गळ्यात. मग त्याचे जॉब कमी निघतात, इन्सेंटिव्ह कापला जातो, आणि पुढच्या वेळी तो शिकवायचं टाळतो. यात त्याचं काय चुकलं? शिकवण्याचा वेळ त्याच्या टार्गेटमधून आधी वजा करून घ्या, आणि तेही मॅनेजरकडून लेखी. उत्तम ऑपरेटरला बढती म्हणून सुपरवायझर करण्याआधीही त्याला विचारा. काहींना माणसं सांभाळण्यापेक्षा मशीन सांभाळणंच प्रिय असतं.

डीबरिंगसारखी कामं उरतातच. कापताना कडेला राहिलेली धारदार बर काढत तास न् तास बसणं कुणाच्याच अंगभूत आवडीचं नसतं. 'त्याला ते छान जमतं' म्हणून ते कॉन्ट्रॅक्टच्या एकाच पोराच्या माथी मारू नका. आठवड्याची आळीपाळी लावा, त्यात जुन्या ऑपरेटरांचीही नावं टाका. कुरकुर होईल. कडेला बर का येतेय, हे प्रोग्रॅम बदलून दाखवणारा माणूस मला याच कुरकुरीतून मिळाला.