स्वतःचं गिट होस्टिंग उभारताना: आधी दार, मग दिवाणखाना

गिट होस्टिंग (गिटच्या रेपो, म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास, सांभाळणारा सर्व्हर) बांधायला घेतलं की बहुतेक जण आधी वेब पानाला लागतात. कमिटची (नोंदवलेल्या बदलांची) यादी, रंगीत डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) वगैरे. ते सगळं मागाहून होतं. खरं काम एवढंच: आत येणारा कोण आहे, त्याला कुठली रेपो वाचता येईल आणि कुठल्या रेपोत लिहिता येईल हे ठरवणं. पाच-सहा जणांपुरतं हवं असेल तर सरळ गिटोलाइट (हेच काम करणारा तयार प्रोग्राम) बसवा आणि सुटा. स्वतःच बांधायची खाज असेल तर पुढे वाचा.

पाया

लिनक्स, गिट आणि ओपनएसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करू देणारा प्रोग्राम) बसवलेलं आहे असं धरतो. ‘गिट’ नावाचा एकच युजर करा, त्याचा पासवर्ड बंद ठेवा आणि सगळ्या रेपो ‘बेअर’ (नुसता इतिहास, कामाच्या फाइली नाहीत) बनवा. झालं.

दार

‘प्रत्येकाला वेगळं लिनक्स खातं द्या’ हा सल्ला अजूनही फिरतो. ऐकू नका. फाइलींच्या मालकीचा असा गुंता होतो की निम्मा वेळ परवानग्या दुरुस्त करण्यात जातो. सगळे त्या एकाच ‘गिट’ युजरने येतात; कोण आलंय ते एसएसएच की (प्रत्येकाची वेगळी डिजिटल किल्ली) वरून कळतं. ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइलमध्ये प्रत्येक की च्या आधी दोन गोष्टी लिहायच्या: ‘रिस्ट्रिक्ट’ (एसएसएचच्या बाकी सोयी बंद) आणि सक्तीची कमांड. त्या कमांडमध्ये तुमच्या प्रोग्रामचं नाव आणि त्या माणसाचा क्रमांक. मग समोरच्याने काहीही मागितलं तरी चालतो तो तुमचाच प्रोग्राम, आणि मूळ मागणी ‘एसएसएच ओरिजिनल कमांड’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मिळते.

आता मी जिथे आपटलो ते. मागणीत दोनच कमांड येऊ द्यायच्या: ‘अपलोड-पॅक’ आणि ‘रिसीव्ह-पॅक’. नावं सर्व्हरच्या बाजूने ठेवलेली आहेत. कुणी पुल केलं (सर्व्हरवरून बदल घेतले) की सर्व्हर ‘अपलोड’ करतो, कुणी पुश केलं (सर्व्हरवर बदल पाठवले) की तो ‘रिसीव्ह’ करतो. मी उलटं वाचलं. फक्त वाचायची परवानगी असलेले लोक दोन दिवस बिनदिक्कत पुश करत होते, आणि ज्यांना लिहायचा हक्क होता ते ‘पुश होत नाही’ म्हणून मला फोन करत होते.

दुसरा फटका. प्रोग्राममध्ये हौसेने ‘हॅलो’ छापलं होतं. क्लोन केल्यावर (रेपोची प्रत घेतल्यावर) एरर आली: ‘बॅड लाइन लेंग्थ कॅरेक्टर’, आणि पुढे त्या स्वागताची पहिली चार इंग्रजी अक्षरं, म्हणजे ‘हेल’! गिट प्रत्येक पॅकेटच्या पहिल्या चार अक्षरांत त्याची लांबी वाचतं, आणि मी तिथे नमस्कार-चमत्कार घातले होते. काही सांगायचंच असेल तर स्टँडर्ड एररवर (चुका-सूचनांसाठीच्या वेगळ्या वाटेवर) सांगा. स्टँडर्ड आउटपुट गिटचं आहे, त्याला हात लावू नका.

रेपोचा पाथ समोरून येतो, म्हणून त्यावर काडीचाही विश्वास नको. दोन टिंबं असलेला पाथ नाकारा, नाव डेटाबेसमधल्या नोंदीशी जुळवा आणि डिस्कवरचा पाथ स्वतः तयार करा. समोरून आलेली मागणी जशीच्या तशी शेलकडे (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) सोपवली तर समोरच्याला सर्व्हरच देऊन टाकलात.

की बरोबर असूनही नाकारली जात असेल तर होम फोल्डर बघा. त्यावर ग्रुपला लिहायची परवानगी असली की एसएसएच सर्व्हर की मानत नाही, आणि कारण फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडतं. होमवरची ती परवानगी काढा, ‘डॉट एसएसएच’ फोल्डरला ७००, आतल्या फाइलला ६०० (दोन्हींचा अर्थ: फक्त मालकालाच परवानगी). सेटिंग बदलताना एक जुनं सेशन उघडं ठेवा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल.

एचटीटीपी

एसएसएचऐवजी वेबच्या पत्त्यावरून क्लोन-पुश हवं असेल तर ‘गिट एचटीटीपी बॅकएंड’ गिटसोबतच येतो, तो वापरा. पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर) असेल तर रिक्वेस्टच्या आकाराची मर्यादा वाढवा. मुळात ती १ एमबी असते, आणि पहिल्याच मोठ्या पुशला ४१३ (‘मागणी फार मोठी’ ही एरर) येतो.

हुक

हुक म्हणजे ठरावीक वेळी गिट आपणहून चालवतं ती स्क्रिप्ट. मुख्य ब्रँचवर फोर्स पुश (आधीचा इतिहास बदलून टाकणारा पुश) अडवायचा असेल तर ‘प्री-रिसीव्ह’. शून्याखेरीज काहीही परत केलं की अख्खा पुश रद्द.

देखभाल

बॅकअपला मिरर क्लोन (सगळ्या ब्रँचसकट पूर्ण प्रत), सोबत परवानग्यांचा डेटाबेस. ‘गिट जीसी’ (रेपोची साफसफाई) मात्र ‘गिट’ युजरनेच चालवा. मी एकदा रूटने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) चालवलं. काही फाइली रूटच्या मालकीच्या झाल्या आणि त्या रेपोवरचे पुश ‘परवानगी नाही’ म्हणून आपटायला लागले.

वेब पान

आता काय ते रंगकाम करा. फक्त परवानगी तपासणारं फंक्शन दारावर आहे तेच इथेही बोलवा, दुसरं लिहू नका. माझ्याकडे खाजगी रेपोचं पान लॉगिन मागायचं, पण त्यातल्या फाइलची कच्ची (नुसता मजकूर देणारी) लिंक कुणालाही उघडायची. तिच्यासाठी मी तपासणी वेगळी लिहिली होती आणि अर्धी विसरलो होतो.