फायटर पायलट व्हायचंय? आधी मिरची ओळखा

पोराला फायटर पायलट व्हायचंय ना? मग क्लासची फी भरण्याआधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या. चष्म्याचा नंबर नव्हे, रंग. इशिहाराचं पुस्तक म्हणा, डॉक्टरांना कळतं. ठिपक्यांच्या गोलात लपलेला आकडा वाचायचा, पाच मिनिटांचं काम. मोबाइलवर करत बसू नका, स्क्रीनचे रंग फसवतात.

आम्ही नाही केली. मोठ्याची एनडीएची, म्हणजे सैन्याच्या अकादमीच्या प्रवेशाची, लेखी झाली, एसएसबीचे, म्हणजे मुलाखतीचे, पाच दिवस झाले, पेढे वाटले. मेडिकलला ते ठिपके समोर आले आणि दोन मिनिटांत फ्लाइंगचं दार बंद. चूक माझीच जास्त. नंदुरबारला आमच्याकडे दर हिवाळ्यात अंगणात मिरची वाळत असते. निवडायला बसवलं की हा विचारायचा, "माय, हाई लाल शे का हिरवी?" आम्ही त्याला कामचुकार म्हणायचो. माझे वडील तर मिरची बोटांनी दाबून निवडायचे आणि आम्हाला वाटायचं, काय कसब आहे माणसाचं! लाल-हिरव्याचा हा दोष बहुधा आईकडून मुलात उतरतो आणि आईला स्वतःला सगळं नीट दिसत असतं. तेव्हा आजोबांना विचारा, मामांना विचारा. यावर औषध नाही, रंगीत काचेचा चष्मा तिथे चालत नाही.

बाकीचं सांगते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स हवेच, हे सगळ्यांना माहीत असतं. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी परीक्षा ९०० गुणांची: गणित ३००, बाकी सगळं मिळून ६००. एसएसबीचेही ९०० असतात, हे लोक विसरतात आणि गणितच घोकत बसतात. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा जरूर द्या. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला आहे, आणि एनडीएत मुली २०२२ पासून जातातच. आमच्या गावातल्या क्लासवाल्याने दोन वर्षांची फी एकदम घेतली, डोळ्यांचं अवाक्षर काढलं नाही. तुम्हीच विचारा. नाही, विचारूही नका, सरळ डॉक्टरकडे जा.

घरी टेपने पायही मोजा. मांडी ६४ सेंटिमीटरपेक्षा लांब असली तर फ्लाइंगला चालत नाही. संकटात विमानातून सीटसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनलवर आपटतील म्हणून. उंच पोराचं कौतुक जरा बेताने करा. लांबचं अंधुक दिसण्याचा नंबर असेल तरी फ्लाइंग नाही. दात किडलेले असतील तर आधीच भरून घ्या, कानातला मळ काढून घ्या.

एसएसबीला निघताना दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं बरोबर हवीत, झेरॉक्सवर भागत नाही. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते महिनाभर आधी बघा, आपल्याकडे आडनाव कधी पुढे, कधी मागे. डेहराडूनचं बोलावणं आलं तर भुसावळला गाडी बदलावी लागते, तिकीट जपून ठेवा, पहिल्या खेपेला भाडं परत मिळतं. तिथे पायलटसाठी मशीनवरची एक चाचणी असते, सीपीएसएस. ती आयुष्यात एकदाच देता येते. एकदाच! आदल्या रात्री जागरण नको, पोट बिघडलेलं नको.

पुढे खडकवासल्याला एनडीएची तीन वर्षं, मग हैदराबादजवळ दुंडिगलची हवाई दलाची अकादमी, शिकायला पहिलं विमान पिलाटस. सगळ्यांना फायटर मिळत नाही, कुणी हेलिकॉप्टरला जातं, कुणी ट्रान्सपोर्टला. ज्यांना मिळतं ते हॉक हे सरावाचं जेट विमान शिकायला बिदरला. ते सगळं तिथले लोक बघून घेतील, आपण आत्ताच कशाला.

धाकटा आठवीत आहे. त्याला मागच्या शनिवारी नेलं. तो धडाधड आकडे वाचत होता, आणि मोठा मागे उभा राहून विचारत होता, "कुठंय आकडा?" तुम्ही जाणार असाल तर फोन करून जा, आमच्याकडे डॉक्टर रविवारी नसतात.