आलेखावरची टीप जागेवर राहत नाही? या चुका टाळा

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चढत होतं आणि मी एक्सेलमध्ये आलेख करून ग्रुपवर टाकत होतो. धोका पातळी ४५ फूट. शेप्समधली लाल रेघ ओढली, ४५ वर नेऊन ठेवली, शेजारी टेक्स्ट बॉक्स. पाणी ४७ वर असेपर्यंत उभा अक्ष ५० चा होता, सगळं झकास. ते ५३ वर पोहोचलं तोवर एक्सेलनं अक्ष आपणहून ६० चा केला होता. माझी रेघ होती तिथेच, म्हणजे आता साधारण ५४ वर! न बघता पाठवलं. गावभागातल्या मावशींचा फोन आला, "दारात पाणी आलंय, आन् तुमच्या चित्रात अजून धोका न्हाई व्हय?"

रेघेला आणि बॉक्सला आकडे कळत नाहीत. तेव्हापासून मी शीटमध्ये वेगळा कॉलम घेतो, प्रत्येक ओळीत ४५ भरतो आणि त्याचीच सिरीज, म्हणजे आकड्यांवरून काढलेली रेघ, करतो. लेबल फक्त शेवटच्या बिंदूला: पहिल्या क्लिकला अख्खी रेघ निवडली जाते, थोडं थांबून पुन्हा क्लिक केलं की एकच बिंदू. मग डेटा लेबल, त्यात सिरीजचं नाव. नवशिक्यांना हे दोन मिनिटांचं कामही जड वाटतं. "सर, ओढून ठेवतो की!" ठेवा, आणि रोज ओढत बसा.

कुणी म्हणतं, अक्षच ५० वर बांधून टाका. त्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वरचं दिसलं असतं कुठं?

टेक्स्ट बॉक्स घालण्याआधी चार्टवर क्लिक करा, नाहीतर चार्ट कॉपी होतो आणि टीप शीटवरच राहते.

मॅटप्लॉटलिबवाल्यांनो (पायथॉनमध्ये आलेख काढायची लायब्ररी), टीप थेट शिखरावर चिकटवू नका. बाणाचं टोक डेटाच्या मापात, मजकूर ऑफसेट पॉइंट्समध्ये, म्हणजे त्या टोकापासून ठरावीक अंतरावर. कोपऱ्यातली तळटीप मात्र अक्षाच्या अपूर्णांकात (axes fraction, चौकटीच्या ० ते १ मापात), म्हणजे आकडे बदलले तरी ती कोपऱ्यातच राहते. मराठीऐवजी चौकोन दिसले तर फॉन्ट बदला, त्याच्या मूळच्या डेजावू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही.

पाठवण्याआधी मी पाण्याच्या कॉलममध्ये शेवटच्या ओळीत मुद्दाम ७० टाकून बघतो. टीप आपल्या रेघेबरोबर सरकली तरच आलेख बाहेर जातो. नंतर ते ७० पुसायचं तेवढं विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. मावशींचा फोन पुन्हा आला.