६ फूट २ इंच, ११२ किलो : सायकल घेण्यापूर्वीची तयारी

सायकलच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी घरीच दोन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. पहिला आकडा वजनाचा, आणि तोही कपडे, बूट, पाठीवरची सॅक व पाण्याची बाटली धरून; कारण माहितीपुस्तिकेतील भारमर्यादा बहुधा स्वार आणि सामान मिळून दिलेली असते, आणि काही कंपन्या सायकलचे स्वतःचे वजनही त्यातच मोजतात. माझे वजन ११२ किलो; बावीस वर्षांनी पुन्हा सायकल घेताना १२० किलोची मर्यादा वाचून मी निश्चिंत झालो होतो, मात्र खालच्या बारीक अक्षरांत सायकलचे १५ किलो त्यातच धरल्याचे लिहिले होते.

दुसरा आकडा पायांच्या आतल्या बाजूच्या लांबीचा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये सीटसारखे वर घट्ट दाबून धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घरातल्या दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे. स्वतःच वाकून मोजले तर माप चुकते. या आकड्याला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची साधारणपणे मिळते. माझे माप ९१ सेंटिमीटर भरले, म्हणजे सीट ८० सेंटिमीटरवर हवी.

दुकानात इंचांचा घोळ होतो, तो आधीच समजून घ्यावा. आपल्या वडिलांच्या पिढीत ‘बावीस इंची’ आणि ‘चोवीस इंची’ म्हणत, ते माप फ्रेमचे होते. आज विक्रेता ‘सव्वीस’ किंवा ‘एकोणतीस’ म्हणतो, ते चाकाचे असते. चाक मोठे म्हणून सायकल उंच माणसाची होत नाही. फ्रेमचे माप निराळे विचारावे, आणि ‘सीट वर करून देतो’ या आश्वासनावर विसंबू नये. माझ्या उदाहरणात १९ इंची, म्हणजे साधारण ४८ सेंटिमीटरच्या फ्रेमवर ८० ची उंची गाठायला ३२ सेंटिमीटर उरतात. त्यातले पाचसहा सीट आणि तिची पकड खाते, आणि उरलेल्या सव्वीसात फ्रेमच्या आत राहायलाच हवेत असे दहा मिळवले की सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा पाइप, किमान ३६ सेंटिमीटरचा लागतो. अनेक सायकलींवर तो ३० चा येतो. त्यावर कोरलेली मर्यादेची रेघ फ्रेमबाहेर दिसू लागली की पाइप वाकू शकतो किंवा फ्रेमच तडकू शकते, म्हणून ४० सेंटिमीटरचा पोस्ट खरेदीच्या वेळीच बदलून घ्यावा, किंवा मोठी फ्रेम मागवून घ्यावी. मोठी मापे दुकानात उभी नसतात आणि वाट पाहावी लागते, त्याला इलाज नाही.

आता मागचे चाक. वजनदार माणसाने निम्मे लक्ष इथेच द्यावे, कारण सरळ बसून चालवताना भाराचा मोठा वाटा मागच्या चाकावर पडतो. दुहेरी भिंतीची रिम आणि ३६ स्पोक मागावेत. ३२ चालतील, पण चाक नीट बांधलेले असेल तरच. दूधवाल्याच्या जुन्या काळ्या सायकलीला मागे ४० आणि पुढे ३२ स्पोक असत, ते उगीच नव्हते. माझ्या नव्या सायकलच्या मागच्या चाकाचे तीन महिन्यांत चार स्पोक तुटले, चारही गिअरच्या बाजूचे आणि चारही हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) अडकतात त्या कोपराशीच. दुकानाने दोष माझ्या वजनाला दिला. दादरच्या एका वयस्क मिस्त्रींनी मात्र सायकल उलटी करून दोन-दोन स्पोक चिमटीत दाबून पाहिले, मग नखाने एकेक छेडला. एक खणखणीत वाजे, तर त्याच बाजूचा शेजारचा नुसताच बद्द. सैल स्पोक प्रत्येक फेऱ्यात भाराखाली ढिला पडतो आणि पुन्हा ताणला जातो, आणि तार सारखी वाकवली की जशी तुटते तसा शेवटी तुटतो, असे त्यांनी समजावले. एकेका बाजूचे सगळे स्पोक सारख्या ताणावर आणल्यापासून एकही गेलेला नाही. ही नखाची परीक्षा दुकानातच, पैसे देण्यापूर्वी करावी.

त्याच चाकात गिअर ‘फ्रीव्हील’चे (दातेरी चक्रे आणि फिरकी एकत्र, हबवर आट्यांनी बसवलेली) आहेत की ‘कॅसेट’चे (फिरकी हबमध्येच असलेली), हेही विचारावे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे बेअरिंग आत राहते, त्यामुळे आसाचा बराचसा भाग आधाराविना पडतो आणि जड स्वाराखाली तो वाकतो किंवा मोडतो. कॅसेटमध्ये बेअरिंग जवळजवळ फ्रेमपर्यंत येते. गिअर किती आहेत यापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

टायर ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदीचे असावेत. पेव्हर ब्लॉक, काँक्रीटच्या पट्ट्यांमधल्या फटी आणि खचलेली मॅनहोलची झाकणे यांतून बारीक टायरवर रोज जायचे तर ट्यूब रिमखाली चेपून पंक्चर होणारच. हवेचा दाब मागे सुमारे ६० पीएसआय आणि पुढे त्याहून दहाने कमी, इथून सुरुवात करून टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत फेरबदल करावेत. अंगठ्याने दाबून अंदाज करू नये, मापक असलेला पंप घ्यावा.

स्वस्त स्प्रिंगचा पुढचा चिमटा टाळावा; आपल्या वजनाखाली तो बसूनच राहतो आणि फक्त जडपणा वाढवतो. ब्रेक डिस्कचे असावेत, कारण पावसात ओल्या रिमवर रबर धरत नाही. मुंबई सपाट असली तरी पेडर रोडचा चढ आणि एकामागून एक येणारे उड्डाणपूल आहेत, म्हणून सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढच्या चक्राला मागच्यापेक्षा जास्त दाते नसावेत, गुडघे वाचतात. सीट मऊ नको, बैठकीच्या हाडांना पुरेल इतकी रुंद हवी.

फूटपाथसमोरच्या एका चकरेवर निर्णय घेऊ नये, किमान वीस मिनिटे मागून घ्यावीत. पुढे सरावासाठी मरीन ड्राइव्हची पहाट उत्तम (सी लिंक आणि कोस्टल रोडवर सायकलला मनाई आहे, तो बेत मनातून काढावा), परंतु तिथली खारी हवा चेन आणि स्पोक खाते, त्यामुळे स्पोक स्टेनलेसचे असल्याची खात्री करावी. सायकल कुठे राहणार हे सोसायटीत आधी विचारून ठेवावे, कारण मोठ्या फ्रेमची सायकल जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये उभी करूनही जेमतेम मावते. रक्तदाब असणाऱ्यांनी पहिल्या फेरीआधी डॉक्टरांना भेटावे.

पहिल्या दीडशे किलोमीटरनंतर चाक पुन्हा मिस्त्रींकडे न्यावे, कारण नवे स्पोक बसतात तसे ढिले होतात. ही भेट शक्यतो जूनच्या आत उरकावी. त्याच वेळी त्यांच्याकडून नेमक्या लांबीचे सहा जादा स्पोक, मागच्या चाकाच्या उजव्या आणि डाव्या बाजूचे वेगवेगळे, मापून घ्यावेत आणि चेनच्या बाजूच्या पाइपला चिकटपट्टीने बांधून ठेवावेत. दोन्हींच्या लांबीत साधारण दोन मिलिमीटरचाच फरक असतो, म्हणून पट्टीवर ‘उजवा’ आणि ‘डावा’ लिहून ठेवावे.