शेजारच्या चॅनेलची सावली
हिंगणा एमआयडीसीत भट्टीवर डेटा लॉगर (सेन्सरची मोजमापं नोंदवणारं यंत्र) लावलाय आणि चॅनेल 3 चा सिग्नल 4 वरही उमटतोय? 4 ची वायर काढून इनपुट ग्राउंडला जोडा. मोकळं ठेवू नका, मोकळं इनपुट शेजाऱ्याचंच व्होल्टेज दाखवतं. शून्य आलं तर लॉगरचं इनपुट कार्ड ठीक. बहुतेकदा दोष सोर्सच्या, म्हणजे सिग्नल देणाऱ्या सेन्सरच्या, जास्त रेझिस्टन्सचा. मल्टिप्लेक्सर, म्हणजे एकेक चॅनेल पाळीपाळीने मोजणीला जोडणारा स्विच, पुढे सरकतो, पण कार्डाच्या इनपुट कपॅसिटरवर आधीच्या चॅनेलचा चार्ज उरतो. सोर्सचे 100 किलोओहम गुणिले कपॅसिटरचे 100 पिकोफॅरड म्हणजे 10 मायक्रोसेकंद. 16 बिट अचूकतेला त्याच्या साधारण 12 पट, म्हणजे 120 मायक्रोसेकंद थांबावं लागतं. स्कॅनचा वेग उतरवा. सावली विरली तर ऑप-अँपचा बफर (सिग्नल तसाच ठेवून कमी रेझिस्टन्सने पुढे देणारं सर्किट) लावा, तोही सेन्सरजवळच. तशीच राहिली तर केबल तपासा: दोन्ही सिग्नलना वेगळी शिल्डेड (धातूच्या आवरणातली) तारांची जोडी हवी.